डब्यातली अळंबी

पावसानं ज्याच्या त्याच्या मुलखात पडावं, परमुलखात पडून लोकांचे हाल करू नयेत, असं गुंडूचं मत त्या जानेवारीत पक्कं झालं. आजऱ्याकडं चार महिने धो धो कोसळायचा, पण तिथल्या जमिनीला तो प्यायची सवय होती. इथं बहारीनमध्ये, मआमीरच्या अलीकडच्या त्या खजुरीच्या बागेत, सलग तीन दिवस पाऊस झाला आणि जमीन तोंड मिटून बसली. पाणी मुरेना आणि वाहूनही जाईना. जर्जीरच्या वाफ्यांत घोट्याएवढं पाणी साचलं आणि महिनाभर जपलेली ती तिखट पानांची भाजी मुळापासून कुजली. मेथी गेली, मुळा गेला, कोथिंबिरीचा तर नुसता लगदा झाला. चौथ्या दिवशी ऊन पडलं तेव्हा बागेला कुबट वास सुटला होता, आणि वारा फिरला की त्यात मआमीरच्या कारखान्यांचा वास मिसळायचा.

बागेचा मालक म्हातारा अरब. त्याला सगळे बाबा म्हणत. तो काठी टेकत वाफ्यापर्यंत आला, चिखलाकडं पाहिलं, गुंडूकडं पाहिलं आणि म्हणाला, "खलास?" गुंडू म्हणाला, "खलास, बाबा." म्हातारा रागावला नाही. पण पाऊस गुंडूनंच गावाकडनं बोलावून आणलाय अशा नजरेनं त्याच्याकडं बघून तो परत फिरला. ती नजर गुंडूला दोन दिवस पुरली. तो पहाटेपासून फावडं घेऊन चर खणत होता. गमबुटात पाणी शिरून त्याची पावलं पांढरी पडली होती, बोटांच्या बेचक्यांत चिरा गेल्या होत्या. संध्याकाळी मालू त्यांवर खोबरेल लावायची आणि तो दात आवळून बसायचा.

मालू त्याची बायको. गुंडू बागेत आणि मालू घरात, अशी दोघांनाही एकाच मालकानं ठेवलं होतं. बागेच्या कोपऱ्यात पत्र्याची एक खोली, तिथं त्यांचा संसार. मालकिणीला इथल्या रीतीनं मामा म्हणायचं असतं. बाईमाणसाला मामा म्हणताना मालूला पहिले सहा महिने हसू फुटायचं, पुढं सवय झाली. त्यात रमजान चालू. दिवसभर घर झोपल्यासारखं आणि दुपारनंतर स्वयंपाकघरात एकच धांदल. मालूला पाठ टेकायला फुरसत नव्हती.

आणि या सगळ्यात तिच्या डोक्यावर तो डबा होता.

डबा नूरबानोचा. नूरबानो म्हणजे शहरात माहूजला राहणाऱ्या ताहिरची बायको. ताहिर बाबांच्या थोरल्या लेकाच्या ऑफिसात क्लार्क. माणसं राजापूरकडची. अडीच वर्षांपूर्वी मालू या देशात उतरली आणि पंधरा दिवस नुसती रडत बसली, तेव्हा ही बाई टॅक्सी करून आली, तिच्या शेजारी बसली आणि मराठीत बोलली. काय बोलली ते मालूला आता आठवत नव्हतं, पण मराठीत बोलली एवढंच पुरे होतं. तेव्हापासून ती मालूची थोरली बहीण. बाबांच्या लेकाचं घरही माहूजमध्येच. त्याच्याकडं रोज सकाळी अंडी पोचवायला पिकअप जायची, सोबत गुंडू जायचा, आणि त्याच्या हातनं दोन्ही घरांत डबे फिरायचे. तिकडनं सांदणं यायची, माशाचं लोणचं यायचं. इकडनं बागेतली मेथी, मुळ्याची भाजी, जर्जीर घालून केलेली थालीपीठं जायची. आलेलं भांडं रिकामं परत पाठवायचं नाही, हे दोन्ही घरांना सांगावं लागत नव्हतं. दुसऱ्या दिवशी नूरबानोचा निरोप ठरलेला: मालूच्या हाताला चव आहे हो, सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं.

रमजानच्या पहिल्या दिवशी सांदणांचा डबा आला होता. आता बारा दिवस झाले तरी तो स्वच्छ घासलेला, खोलीतल्या फळीवर पालथा पडून होता. त्यात घालायला बागेत काही उरलंच नव्हतं. दुकानातून आणून द्यायचं तर मालूला ते पटत नव्हतं. "विकतचं काय, त्यास्नी मिळत न्हाय व्हय?" असं ती म्हणायची आणि गुंडूकडं बघायची. त्या घरात सून गरोदर होती. मेहरीन तिचं नाव. लग्नाला सहा वर्षं झालेली, आधी दोनदा दिवस राहून गेले होते. पाचवा महिना चालू होता आणि तिच्या तोंडाला काहीतरी चांगलं लागावं असं मालूला फार वाटत होतं.

गुरुवारी पहाटे गुंडू घरासमोरच्या हिरवळीचं गवत कापायला गेला. त्या हिरवळीला आणि पलीकडच्या जनावरांच्या घासाला शहराचं सांडपाणी शुद्ध करून आलेलं पाणी मिळे. रोज दुपारी शंभू नावाचा बिहारी ड्रायव्हर टँकर घेऊन यायचा. हिरवळीच्या कडेला एक वाळवी लागलेली जुनी खजूर पाडून टाकलेली होती. गुंडू तिच्याजवळ वाकला आणि तसाच उकिडवा बसला. बुंध्याच्या पायथ्याशी वाळवीची माती चढली होती आणि तिच्या आसपास, ओल्या गवतातून, पांढऱ्या गोल कळ्या वर आल्या होत्या. वीस-पंचवीस तरी असतील. चार उमलून छत्रीसारख्या झाल्या होत्या.

इतक्या वर्षांत या मुलखानं त्याला ओळखीचं असं काही दाखवलं नव्हतं, आणि आज वाळवी आणि अळंबी जोडीनं पुढ्यात. तो स्वतःशीच हसला. हातात विळा होताच. जर्जीरची जुडी कापतात तशी, जमिनीला विळा लावून, त्यानं सगळी खचाखच कापली आणि खजुरीच्या पानांच्या टोपलीत भरून खोलीवर आणली.

मालू बघतच राहिली. तिनं एक कळी उचलून नाकाशी धरली. वास बरा होता. मग तिनं ती उलटी करून बघितली.

"मुळं कुटं हायत?" ती म्हणाली.

"मुळं काय तळून खानार हायस? चिकूल आसतोय नुसता."

"माजी आय मुळासकट उपटायची. मूळ खाली वारुळात हातभर गेलेलं आसलं तरच घरात घ्यायची."

"वाळवीचा बुंदा हाय शेजारी. माज्या डोळ्यानं बगिटलाय. तुज्या आयनं पन जागाच बगिटली आसती."

यावर मालूला बोलता आलं असतं. दोन पावलं चालून ती स्वतः जागा बघून आली असती, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण नवऱ्यानं हौसेनं आणलेलं, पिकअप साडेसातला सुटणार, आणि फळीवरचा डबा बारा दिवस तिच्याकडं बघत होता. चूक झाली ती इथं. गावात अळंबी ओळखायची ती मुळानं, आणि हा गडी विळ्यानं कापून मूळ जमिनीतच ठेवून आलेला. विळा चालवायची सवय त्याला या बागेनंच लावली होती, आणि नवऱ्याच्या टोपलीवर शंका न घ्यायची सवय तिला घरानं.

तिनं कळ्या चिरल्या. आतून शुभ्र होत्या, खालच्या झालरीसुद्धा दुधासारख्या. कांदा, सुकं खोबरं आणि गावाकडनं आणलेला मसाला घालून तिनं परतल्या. वास इतका सुटला की तिला माहेरचं स्वयंपाकघर आठवून भरून आलं. मीठ मात्र अंदाजानंच घातलं, कारण तिचा गुरुवार होता आणि ती संध्याकाळीच जेवायची. डबा काठोकाठ भरला. गुंडूच्या भाकरीवर दोन पळ्या घातल्या. उमललेल्या चार मोठ्या छत्र्या तिनं स्टीलच्या ताटलीत झालर खाली करून झाकून ठेवल्या, रात्री करायला म्हणून. पिकअप गेली तेव्हा तिला वाटलं, झालं बाई, एकदाचं ओझं उतरलं.

गुंडू साडेआठला परत आला. डबा नूरबानोच्या हातात दिला म्हणाला. साडेअकराला त्यानं घासाच्या आडोशाला बसून भाकरी खाल्ली. रमजानात उघड्यावर खायचं नाही, हे त्याला कळत होतं.

दीडच्या सुमाराला त्याच्या तोंडाला पाणी सुटायला लागलं. त्यानं फावडं रोवलं आणि चराच्या काठावर बसला. मग वाकला. एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा नुसतं पिवळं पाणी. त्यानं चिखल ओढून ते झाकलं. मालूला सांगायचं त्याच्या मनात नव्हतं. कालची डाळ आंबली असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं. पण मग पोटात अशी कळ आली की तो कसाबसा खोलीपर्यंत आला आणि त्यानंतर खोली आणि संडास यांच्यात त्याच्या खेपा सुरू झाल्या.

मालू साडेतीनला खोलीत डोकावली, मोठ्या घरातली हळद संपली म्हणून. गुंडू भिंतीला टेकून बसला होता. कपाळ घामानं ओलं आणि ओठ राखेसारखे. तिनं काही विचारायच्या आतच तो म्हणाला, "डाळ."

"डाळ मीबी खाल्लो व्हतो काल," मालू म्हणाली.

ती वळली आणि फळीवरच्या ताटलीवरचं झाकण काढलं. एक छत्री उचलली. खालची झालर सकाळी पांढरी होती ती आता हिरवट राखाडी दिसत होती. आणि ताटलीवर, जिथं छत्री टेकली होती तिथं, पीठ सांडल्यासारखी हिरवी भुकटी पडली होती, झालरीच्या रेघा जशाच्या तशा. तिनं दुसरी उचलली. तिसरी उचलली. सगळ्यांखाली तेच. गावाकडच्या अळंब्यानं असं कधी केलं नव्हतं.

नवरा समोर होता, ओकत होता, म्हणजे बाहेर तरी पडत होतं. तिच्या डोळ्यांपुढं आला तो डबा. काठोकाठ भरलेला. घरात माणसं चार. ताहिरभाई, नूरबानो आणि पोरगा बासित रोजे धरतात, सूर्य बुडेपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घेत नाहीत. पण पोटुशी बाई रोजा धरत नाही. मेहरीन दुपारी जेवते. आणि मेहरीनसाठीच तर तो डबा होता.

"आवं," ती म्हणाली, "त्या पोरीनं खाल्लं आसंल तर?"

गुंडूनं डोळे उघडले. त्याला समजायला थोडा वेळ लागला. समजलं तेव्हा तो उठायला बघत होता, पण गुडघे दुमडून परत बसला.

मालू मोठ्या घरात धावली. घरात फोन तेवढा एकच, दिवाणखान्यात, मामाच्या खोलीच्या दाराशी. मामा झोपलेली. विचारल्याशिवाय फोनला हात लावायची मालूची आजवर हिंमत झाली नव्हती. आज तिनं उचलला. आत काहीच नव्हतं, घूंही नाही न् टकटकही नाही. पावसानं परवापासून लाईन गेली होती आणि घरात कुणाला पत्ताही नव्हता. तिनं दोनदा आपटून बघितला. मग मामाच्या दारावर थाप मारली. मामा वैतागून उठली. मालूची अरबी स्वयंपाकघरापुरती. तिनं पोटावर हात ठेवला, ओकायची खूण केली, खोलीकडं बोट दाखवलं. मामाला वाटलं हिलाच होतंय. शेवटी "गुंडू" एवढा शब्द पोचला. पिकअप बाजारात गेलेली, बाबांची गाडी लेकानं नेली होती, ती इफ्तारनंतर येणार होती. मामा मिठाचं पाणी आणि लिंबू घेऊन स्वतः पत्र्याच्या खोलीकडं निघाली. त्या खोलीत तिनं अडीच वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

तेवढ्यात फाटकात टँकरचा हॉर्न वाजला.

मालू खोलीत गेली. नवऱ्याला असं सोडून जायचं तर पाय निघेना. गुंडूनंच तिला हातानं ढकललं.

"मी मरत न्हाय. तू जा. ती पोर एकटी न्हाय, दोन जीव हायत."

"मी जाऊन येतो बिगी बिगी," ती म्हणाली आणि पदर खोचून निघाली.

शंभूला तिनं आपल्या मोडक्या हिंदीत काय सांगितलं ते तिचं तिलाच ठाऊक. तो आधी नाही म्हणाला. टँकर माहूजच्या गल्लीत न्यायचा परवाना नव्हता, पाणी अजून खाली केलं नव्हतं, मालकाला कळलं तर नोकरी जाईल. मग तिनं ती ताटली त्याच्या पुढं धरली. शंभूनं हिरव्या भुकटीकडं बघितलं, त्याच्याही गावात पावसाळ्यात असलं काही कुणीतरी खाल्लं असणार, कारण त्याचं नाही तिथंच संपलं. त्यानं दार उघडलं आणि तिला वर चढायला हात दिला.

अडीच वर्षांत मालू एकटी बागेच्या फाटकाबाहेर गेली नव्हती. आता ती भरलेल्या टँकरमध्ये उंचावर बसून, मांडीवर ताटली धरून, बहारीनच्या हमरस्त्यावरनं चालली होती. सव्वाचार झाले होते. सूर्य पाच वाजून दहा मिनिटांनी बुडणार, हे इथं पोरालाही माहीत असतं. रस्त्यावर इफ्तारला घरी पोचायची घाई उडाली होती. गाड्या डावीकडून उजवीकडून घुसत होत्या आणि टँकर भरलेला असल्यानं शंभूला वेग घेता येत नव्हता. प्रत्येक सिग्नलला मागचं पाणी डुचमळून पुढं यायचं आणि सगळी गाडी हलायची. मालू मनात मेहरीनचं तोंड आणायचा प्रयत्न करत होती आणि ते येत नव्हतं. त्याऐवजी कुणाचे तरी मैताला जमलेले पाय दिसत होते, पायऱ्यांवर काढून ठेवलेल्या चपला दिसत होत्या. तिनं गावातल्या सगळ्या देवांना हाक मारली, मग इथं आपल्या देवाचं कितपत चालतं कुणास ठाऊक म्हणून नूरबानोच्या देवालाही मारली.

माहूजच्या गल्लीत टँकर शिरेना. शंभूनं तिला नाक्यावर उतरवलं. ती बिल्डिंगच्या पायऱ्या चढली तेव्हा वरच्या मजल्यांवरून तळणाचा वास येत होता. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत तिच्या छातीत धाप मावेना. दार वाजवताना तिला एक सुचलं. पोटुशी पोर घरात आहे, एकदम ओरडायचं नाही. आधी विचारायचं.

दार नूरबानोनं उघडलं. डोक्यावर ओढणी, हाताला बेसन. मालूला बघून ती चपापली.

"अगो मालू, तू? या वेळी?"

मालूनं ताटली पाठीमागं धरली आणि जमेल तेवढ्या शांत आवाजात विचारलं, "भाभी, सकाळचा डबा... कुनी खाल्लं का त्यातलं?"

नूरबानोच्या चेहऱ्यावर नेहमीचं हसू आलं.

"खाल्लं तर. माझा रोजा, पण मेहरीननं दुपारीच खाल्लंन. बोटं चाटून खाल्लंन हो. तुझ्या हाताला चवच आहे गो बाय."

मालूच्या हातातून ताटली खाली पडली. तिचा आवाज जिन्यात घुमला. मालू उंबऱ्याशीच बसली. तिला रडूही येईना. ती नुसतं "न्हाय, न्हाय" म्हणत होती आणि नूरबानो तिच्या खांद्याला धरून हलवत होती, काय झालं ते विचारत होती. शेवटी शब्द बाहेर पडले.

"भाभी, ती इखारी अळंबी हायत. ह्यांनी खाल्ली, हे वकायल्यात दुपारपास्नं. पोरीला दवाखान्यात घाला. आत्ताच्या आत्ता घाला. मी मारलो तिला, माज्या हातानं मारलो."

नूरबानोचं तोंड पांढरं पडलं. आतल्या खोलीतून मेहरीन आली, आवाज ऐकून. पोट पुढं, हातात पाण्याचा पेला, तब्येत ठणठणीत. ती एकदा मालूकडं आणि एकदा सासूकडं बघत राहिली.

"अम्मी," ती हळूच म्हणाली, "सांगून टाका ना."

नूरबानोनं डोळे मिटले. मग तिनं मालूला दंडाला धरून उठवलं, ओढत स्वयंपाकघरात नेलं आणि सिंकखालची कचऱ्याची पिशवी बाहेर काढून तिची गाठ सोडली. बटाट्याच्या साली आणि चहाचा चोथा होता. त्याच्याखाली मालूची अळंबी, खोबऱ्याच्या मसाल्यासकट.

मालूनं पिशवीत हात घातला. कोपरापर्यंत घातला. तिनं फोडी वर काढल्या, बघितल्या, परत खाली हात घालून ढवळल्या. सगळी होती. डबा जसा भरला होता तशीच ओतलेली होती, पळीनं हलवलेलीसुद्धा नव्हती.

"कुनीच न्हाय खाल्ली?"

"कुणीच नाही. अल्लाची शपथ. रोजा आहे माझा, आणि आत्ता रोज्याच्या तोंडानं मी तुझ्याशी खोटं बोलले." नूरबानो ओट्याला टेकली. "तोंडात बसलंय गो ते वाक्य."

मालूला तेव्हाही समजलं नाही. तिला एवढंच दिसत होतं की पिशवीत अळंबी आहेत आणि मेहरीनच्या पोटात नाहीत. पण नूरबानोला आता थांबता येईना. तिनं सांगून टाकलं. बागेला सांडपाण्याचा टँकर येतो हे ताहिरला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. त्यानं सांगितलं, त्या बागेतलं काही घरात खायचं नाही. नूरबानोला तोंडावर नको म्हणवेना. अडीच वर्षं मेथी आली, मुळा आला, थालीपीठं आली. सगळं या पिशवीत गेलं. आणि दर वेळी तिनं निरोप पाठवला, बोटं चाटून खाल्लं म्हणून. सांगताना ती मालूकडं बघत नव्हती. बेसनाचे हात पुढं धरून उभी होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

मालूनं मनात मोजलं. अडीच वर्षं. भल्या पहाटे उठून निवडलेली भाजी, तव्यावर भाजलेली हाताची बोटं. एरवी कुणी हे तिला सांगितलं असतं तर ती आयुष्यभर त्या दारात गेली नसती. आता तिला वाटलं रडू फुटतंय, पण ते हसू होतं. ती कोपरापर्यंत मसाला लागलेले हात घेऊन हसत सुटली. मेहरीन घाबरली. मग नूरबानोही हसायला लागली, रडता रडता, आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडल्या. बेसन आणि मसाला एकमेकींच्या पाठीला लागला.

लांब कुठंतरी इफ्तारची तोफ झाली. गल्लीतल्या मशिदीतून अजान सुरू झाली. नूरबानोनं खजूर उचलला आणि स्वतः खायच्या आधी मालूच्या तोंडात घातला. मालूलाही सकाळपासून काही नव्हतं. गुरुवार कसा सोडायचा याचे तिचे नियम होते, ते तिनं त्या दिवशी मोडले.

अजानच्या बेताला कामावरनं आलेल्या बासितनं रोजा सोडला तो एका खजुरावर आणि घोटभर पाण्यावर, आणि गाडी काढली. नूरबानोही बसली. मालूनं फुटपाथवर उभ्या शंभूच्या हातात भज्यांची पुडी दिली. रस्ते आता ओस पडले होते, पंधरा मिनिटांत बाग आली. गुंडू त्याच भिंतीला टेकून होता आणि मामा दाराशी खुर्ची टाकून बसली होती, अर्धं लिंबू हातात. तिनं आपला रोजाही तिथंच सोडला होता. गुंडूनं मालूला बघितलं आणि नुसती मान वर केली. मालूनं नकारार्थी मान हलवली, कुणीच खाल्लं नाही अशी. त्यानं तोंड भिंतीकडं फिरवलं आणि त्याचे खांदे हलायला लागले.

सलमानियाच्या दवाखान्यात त्याला सलाईन लावलं. मालूनं ताटलीबरोबर पडलेली एक छत्री नूरबानोच्या जुन्या ओढणीच्या तुकड्यात बांधून आणली होती, ती डॉक्टरला दाखवली. डॉक्टर म्हणाला, मोठ्या माणसाच्या पोटात थोडंच गेलंय, पाणी भरून काढलं की उतरेल. अशक्त माणूस, लहान मूल किंवा गरोदर बाई असती तर मात्र अवघड होतं. आणि रानातलं असलं काही खात्रीनं ओळखीचं नसेल तर तोंडाला लावू नये, गावाकडच्या खुणा परमुलखात चालत नाहीत. नूरबानो बाहेर बाकावर बसून हे सगळं ऐकत होती. गरोदर शब्द आला तेव्हा तिनं डोळ्यांना ओढणी लावली.

दुसरी बाटली लागेपर्यंत गुंडूच्या ओठांना थोडा रंग आला. मालू खाटेच्या कडेला बसली आणि तिनं त्याला सगळं सांगितलं. पिशवीत हात घातला ते सांगितलं, टँकरचं सांगितलं, अडीच वर्षांचंही सांगितलं.

गुंडूनं मान तिच्याकडं वळवली.

"मेथी पन?" तो म्हणाला.

"मेथी पन."

"भाजीला मी हिरीचं पानी घालतोय. टँकरचं न्हाय. एक थेंब न्हाय घातला कदी." त्याचा आवाज चढला आणि पोटात कळ आली म्हणून उतरला. "चिरा पडल्या पायाला. आन् ती कचऱ्यात? अडीच वर्सं कचऱ्यात?"

मालूनं त्याच्या पायावरची चादर सारखी केली. बाकावर नूरबानोला डुलकी लागली होती आणि तिची मान एका बाजूला कलली होती. मालू तिच्याकडं बघत होती.

"टाकू देत की," ती म्हणाली. "जित्ती हायत."